दुसऱ्या भाषेची पहिली पायरी

आरमोरीहून तुमच्या गटांची समन्वयक बोलते आहे. धानाची रोवणी आटोपली असेल, थोडी उसंत मिळाली असेल, म्हणून आज जरा लांबची गोष्ट सांगते. गोष्ट लांबची आहे, पण सुरुवात आपल्याच गटाच्या बैठकीतून झाली.

मागच्या महिन्यात एका गटात कर्जाचा अर्ज आला. शिलाई मशीनसाठी नाही, शेळीसाठी नाही, खतासाठीही नाही. ताईंची मुलगी नववीत आहे. तिने मोबाईलवर जाहिरात पाहिली होती : तीन महिन्यांत स्पॅनिश अस्खलित बोला आणि घरबसल्या नोकरी मिळवा. फी नऊ हजार रुपये. पोरगी हुशार आहे, हट्टाला पेटली आहे. ताईंनी गटाकडे नऊ हजार मागितले.

बैठकीत कुजबुज सुरू झाली. एकीने विचारले, "स्पॅनिश म्हणजे कुठली भाषा बाई?" दुसरी म्हणाली, "एवढ्या उशिरा शिकता येते का? भाषा तर लहानपणीच शिकावी लागते." कोपऱ्यात बसलेल्या एक आजी इतका वेळ गप्प होत्या. त्यांच्या घरी गोंडी बोलतात. त्या म्हणाल्या, "माझ्या नातवाले अजून मराठीचं पुस्तक वाचता येत नाही. दुसरीत गेला. गुरुजी म्हणतात, पोरगा मंद आहे. अन् तुम्ही स्पॅनिशचं काय घेऊन बसल्या?"

त्या दिवशी निर्णय झाला नाही. मी म्हटले, पुढच्या बैठकीपर्यंत मी वाचून येते. वाचत गेले तसे माझ्या लक्षात आले की नववीतल्या मुलीचा प्रश्न आणि दुसरीतल्या नातवाचा प्रश्न हे दोन प्रश्न नाहीतच. घरात नसलेली भाषा लेकराला कोणत्या वयात, कोणत्या पायरीवरून आणि कोणत्या भाषेच्या आधाराने शिकवायची, हा एकच प्रश्न आहे. तो पाचशे वर्षे जुना आहे, आणि स्पॅनिशच्या इतिहासात तर तो पानोपानी भेटतो.

राणी आणि तिची बाई

स्पॅनिश ही स्पेन देशाची भाषा. पण आज ती स्पेनपेक्षा बाहेरच जास्त बोलली जाते. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना, पेरू, क्यूबा अशा वीसेक देशांचा कारभार स्पॅनिशमध्ये चालतो. जन्मापासून ती बोलणारी माणसे सुमारे ५० कोटी आहेत.

आपल्याला ती अगदीच परकी वाटायला नको. पोर्तुगीज ही तिची सख्खी बहीण, आणि पोर्तुगीज लोक आपल्या किनाऱ्यावर साडेचारशे वर्षे राहिले. त्यामुळे त्यांचे कितीतरी शब्द आपल्या घरात आहेत. रोजगार हमीच्या कामावर आपण माती उचलतो ते घमेले, महिन्याचा पगार, कुलपाची चावी, पाण्याची बादली, घर बांधणारा मेस्त्री, हे शब्द तिकडून आले. स्पॅनिशमध्ये 'पगार' म्हणजे पैसे देणे. आपण ज्याला टमाटर म्हणतो, त्याला स्पॅनिशमध्ये 'तोमाते' म्हणतात. आणि गंमत अशी की तोमाते हा शब्द स्पेनचाही नाही. तो मेक्सिकोतल्या मूळनिवासी लोकांच्या नाहुआत्ल भाषेतला आहे. राज्य करायला गेलेल्यांनीही खाली बसून शब्द उचलले, एवढे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता १४९२ साल घ्या. याच वर्षी कोलंबस समुद्र ओलांडून अमेरिकेच्या बेटांवर पोचला. त्याच वर्षी आंतोनियो दे नेब्रिहा या पंडिताने स्पॅनिशचे व्याकरण छापले आणि इसाबेल राणीला अर्पण केले. तोवर व्याकरण म्हणजे लॅटिनचे, जसे आपल्याकडे संस्कृतचे. घरात बोलायच्या भाषेला व्याकरण कशाला हवे, असे पंडितांना वाटे. नेब्रिहाने पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिले आहे की राणीने हाच प्रश्न विचारला : याचा उपयोग काय? तिथे असलेल्या एका बिशपने उत्तर दिले की तुम्ही परके लोक जिंकाल, त्यांना तुमचे कायदे आणि तुमची भाषा घ्यावी लागेल, तेव्हा हे पुस्तक कामी येईल. म्हणजे भाषा शिकवण्यामागे सत्तेचा हेतू पहिल्या दिवसापासून होता.

पण त्याच पुस्तकात एक शहाणपणाची गोष्टही आहे. त्याचे पाच भाग आहेत, आणि पाचवा भाग खास परभाषिकांसाठी आहे. ज्याच्या घरात ही भाषा आहे त्याला शिकवायची रीत वेगळी आणि ज्याच्या घरात नाही त्याला शिकवायची रीत वेगळी, हे पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या गुरुजींना कळले होते. आजींच्या नातवाच्या हातात मात्र आजही घरी मराठी बोलणाऱ्या मुलाचेच पुस्तक आहे.

या इसाबेल राणीचीही गोष्ट ऐका. परदेशांशी पत्रव्यवहार लॅटिनमध्ये चाले, आणि राणीला लॅटिन नीट येत नव्हते. तिशी ओलांडल्यावर, राज्य आणि लेकरे सांभाळत, तिने ती भाषा शिकायला घेतली. तिला आणि तिच्या मुलांना शिकवणाऱ्यांत एक बाई होती, बेआत्रिस गालिंदो. लोक तिला 'ला लातिना', म्हणजे लॅटिनवाली, म्हणत. स्पेनची राजधानी माद्रिद इथल्या एका वस्तीला आजही तेच नाव आहे.

आपल्याकडे पंडिता रमाबाई घ्या. संस्कृत त्यांना लहानपणीच आईकडून मिळाले. पण १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचविशीत होत्या, पदरात लहान मुलगी होती, आणि तिथे त्यांनी इंग्रजी पक्के केले. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. तेव्हा "एवढ्या उशिरा येते का?" या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : येते. लहान लेकराला कान चांगला असतो, ते आवाज लवकर उचलते. मोठ्या माणसाला समज असते, ते नियम लवकर पकडते. शिकवायची रीत मात्र दोघांची एक नसते.

दोन समुद्र, दोन हुकूम

स्पॅनिश लोक मेक्सिकोत गेले तेव्हा त्यांच्या धर्मगुरूंपुढे अडचण आली. शिकवायचे तर कोणत्या भाषेत? आलोन्सो दे मोलिना हा स्पॅनिश मुलगा लहानपणीच तिकडे गेला होता. गल्लीतल्या मुलांबरोबर खेळता खेळता तो नाहुआत्ल शिकला. मोठमोठे धर्मगुरू या पोराला दुभाषा म्हणून सोबत नेत. पुढे तो स्वतः धर्मगुरू झाला आणि १५५५ साली त्याने नाहुआत्लचा शब्दकोश छापला.

आपल्या बाजूला हेच घडले. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. तो इथल्या भाषा शिकला आणि त्याने मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' लिहिले. ते १६१६ साली छापले गेले. त्याने लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापून आले. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरे. पण लोकांना काही सांगायचे तर आधी त्यांची भाषा शिकावी लागते, हे त्यांनी मानले.

पुढे सत्तेचा धीर सुटला. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. १७७० साली स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने तसाच हुकूम अमेरिकेसाठी काढला. मूळनिवासींच्या भाषा नाहीशा व्हाव्यात आणि फक्त स्पॅनिश बोलली जावी, असे त्यात होते. घर आणि शाळा यांत मुलाने शाळाच निवडायची, असा त्याचा अर्थ.

गोव्याचा हुकूम तर पार फसला. कोंकणी घराघरांत राहिली. १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. तीन वर्षांत मोडायला निघालेली भाषा तीनशे वर्षांनी राजभाषा झाली.

याच्या उलटही एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कोर्लई नावाचे गाव आहे. १७४० साली चौल आणि हा भाग पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज निघून गेले. पण कोर्लईतल्या ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली आजही बोलली जाते. मुले शाळेत मराठी शिकतात आणि घरी ही बोली बोलतात. ती शिकवणारी शाळा नाही, परीक्षा नाही. आयांनी मुलांना बोलता बोलता दिली, म्हणून ती जगली. सत्तेचा हुकूम तीन वर्षांत जे करू शकला नाही, ते घरातल्या रोजच्या बोलण्याने पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ केले.

चियापासची डोंगरातली शाळा

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट. मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला चियापास नावाचा प्रांत आहे. डोंगर, जंगल, मक्याची शेती आणि मूळनिवासींची गावे. तिथे त्सेल्ताल आणि त्सोत्सिल या भाषा बोलतात. नकाशावर आपल्यापासून अर्धी पृथ्वी दूर आहे, पण वर्णन ऐकून तुम्हाला धानोरा, एटापल्ली आठवेल.

तिथल्या मुलांना स्पॅनिश शिकवायचे होते. ती भाषा देशाच्या कारभाराची, बाजाराची, दवाखान्याची. ती यायला हवी, याबद्दल कोणाचा वाद नव्हता. वाद होता तो पहिल्या पायरीचा. काही शाळांत पहिल्या दिवसापासून सगळे स्पॅनिशमध्येच चाले. दुसऱ्या काही शाळांत मुलांना आधी त्यांच्या स्वतःच्या भाषेत वाचायला शिकवत, सोबत तोंडी स्पॅनिश शिकवत, आणि मग स्पॅनिश वाचनाकडे नेत. या दुसऱ्या शाळांतले शिक्षक त्याच गावांतले तरुण होते. त्यांचे शिक्षण पहिल्या शाळांच्या शिक्षकांपेक्षा कमी होते.

१९६० नंतरच्या दशकात नॅन्सी मोदियानो या अमेरिकन संशोधक बाईंनी या दोन्ही प्रकारच्या शाळा तपासल्या. त्यांनी मुलांची परीक्षा घेतली ती स्पॅनिश वाचनाची. कोणाला वाटेल की पहिल्या दिवसापासून स्पॅनिश घोटलेली मुले पुढे असतील. निकाल उलटा लागला. आधी आईच्या भाषेत वाचायला शिकलेली मुले स्पॅनिशही जास्त समजून वाचत होती.

याचे कारण आपल्या अनुभवातले आहे. वाचायला शिकणे ही एक गोष्ट आणि नवी भाषा शिकणे ही दुसरी. ज्या मुलाला 'पाणी' हा शब्दच माहीत नाही, त्याला प, आ, ण, ई जोडायला लावले तर त्याला अक्षरही कळत नाही आणि शब्दही कळत नाही. तेच गोंडीत 'येर' म्हटले की पाणी त्याच्या डोळ्यांपुढे येते. मग त्या आवाजाला हे अक्षर, एवढेच शिकायचे उरते. वाचनाची युक्ती एका भाषेत एकदा जमली की दुसऱ्या भाषेत ती पुन्हा शिकावी लागत नाही. सायकल एकदा आली की दुसऱ्याची सायकलही चालवता येते, तसे.

मेक्सिकोने २००३ साली कायदा करून मूळनिवासींच्या भाषांना स्पॅनिशसारखाच राष्ट्रीय भाषेचा दर्जा दिला आणि मुलांना दोन भाषांत शिकण्याचा हक्क दिला. कायदा झाला म्हणजे प्रत्येक डोंगरावर तशी शाळा निघाली असे नाही. पण १७७० च्या हुकुमापासून इथवर यायला त्यांना सव्वादोनशे वर्षे लागली, आणि या काळात किती लेकरे मंद ठरून घरी बसली असतील याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

आपल्याकडे कोणत्या इयत्तेपासून?

आपल्याकडे हा वाद इंग्रजीवरून झाला. स्वातंत्र्यानंतर तेव्हाच्या मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने इंग्रजी आठवीपासून शिकवायचे ठरवले. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पुढे महाराष्ट्रात मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून आले, आणि २००० सालच्या जूनपासून पहिलीपासून.

आठवी, पाचवी, पहिली. कागदावर हे नुसते आकडे आहेत. पण आपल्या आयांच्या पिढीकडे पाहा. चौथीनंतर शाळा सुटलेल्या, सातवीनंतर लग्न झालेल्या किती तरी. ज्या इयत्तेपासून भाषा सुरू होते, त्या इयत्तेआधीच ज्यांची शाळा सुटते, त्यांना ती भाषा कधी भेटतच नाही. आणि शाळा आधी सुटते ती गरिबाची, मुलीची, जंगलातल्या गावाची. म्हणून भाषा फार वरच्या पायरीवर ठेवली की ती काही घरांपुरतीच राहते.

मग पहिलीपासूनच सगळे सुरू करावे का? तिथे दुसरी अडचण येते. पहिलीपासून इंग्रजी आले, आता आपल्या पोरांना 'ॲपल' म्हणता येते, पण दहावीला इंग्रजीचीच भीती असते. भाषा खालच्या पायरीवर आणून ठेवली, पण त्या पायरीला साजेसे शिकवणे सगळीकडे पोचले नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायचे ठरवले तेव्हा राज्यभर विरोध झाला. जूनच्या शेवटी ते निर्णय मागे घेतले गेले आणि त्रिभाषा सूत्राचा विचार करायला डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हिंदी चांगली की वाईट हा तिथला मुख्य प्रश्न नव्हता. सहा वर्षांच्या लेकराच्या पाठीवर किती ओझे ठेवायचे, हा होता.

त्या वादात एक गोष्ट मात्र फारशी बोलली गेली नाही. आपल्या जिल्ह्यातल्या गोंडी किंवा माडिया मुलासाठी मराठी हीच दुसरी भाषा आहे. मग हिंदी तिसरी आणि इंग्रजी चौथी. बाकी महाराष्ट्र तीन भाषांचे ओझे मोजत होता, आणि आपली लेकरे आधीच चार उचलत होती.

दोन गावांनी काय केले

आपल्याच धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल'. तिथे गोंडीबरोबर मराठी आणि इंग्रजीही शिकवतात. गोंडी बोलणारी माणसे देशात सुमारे ३० लाख आहेत, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. शाळेच्या मान्यतेचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. चियापासच्या लोकांनी जी पायरी आधी घातली, तीच मोहगावने घातली.

दुसरे गाव औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले गाडीवाट. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ मध्येच चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले की तुम्हाला कोणती परदेशी भाषा शिकायची? बहुतेकांनी जपानी सांगितली, कारण त्यांना रोबोट बनवायचे होते. सुरुवातीला शिक्षकांनी इंटरनेटवरून साहित्य गोळा केले, पुढे एका जाणकाराने घरून मोबाईलवर विनामूल्य शिकवले. मुले एकमेकांशी जपानीत बोलू लागली. गावात जपानी येणारे कोणी नव्हते, मोठी फी नव्हती. पण मुलांची स्वतःची निवड होती, मराठी वाचनाचा पाया होता, आणि रोजचा सराव होता. मोहगावने पहिली पायरी घातली, गाडीवाटने त्यावरची.

स्पॅनिशच्या सहा पायऱ्या

आता स्पॅनिशकडे परत येते. युरोपातल्या देशांनी मिळून २००१ साली भाषा शिकण्याच्या सहा पायऱ्या ठरवल्या. त्यांना ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२ म्हणतात. ए-१ म्हणजे नाव, गाव, घरची माणसे सांगता येणे, बाजारात भाव विचारता येणे. ए-२ म्हणजे रोजच्या कामाचे बोलता येणे. बी-१ ला माणूस त्या देशात एकटा निभावून नेतो, बी-२ ला कामाच्या ठिकाणी वापरू शकतो. सी च्या दोन पायऱ्या म्हणजे त्या भाषेत मोठी पुस्तके वाचणे आणि लिहिणे. स्पेन सरकारची 'इन्स्टिट्यूटो सेर्वांतेस' ही संस्था स्पॅनिश शिकवते, २००९ पासून तिचे केंद्र दिल्लीत आहे. 'डेले' या परीक्षेचे दाखले याच पायऱ्यांप्रमाणे मिळतात, आणि शाळकरी मुलांसाठी वेगळी परीक्षाही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवता येतील अशा परदेशी भाषांत स्पॅनिशचे नाव आहे.

वयाप्रमाणे रीतही बदलते. पहिली-दुसरीच्या मुलाला व्याकरण नको. गाणे, खेळ, रंग, फळे, अंग-अवयव, सगळे तोंडी. पाचवी ते आठवीला छोटी वाक्ये, संवाद, थोडे वाचन. नववीच्या मुलीला मात्र नियम सांगितले तर ती भराभर चालते, कारण तिच्याजवळ मराठीचा आधार असतो. स्पॅनिशचे 'त' आणि 'द' आपल्यासारखेच आहेत. तिच्यात स्वर पाचच, आणि शब्द जवळजवळ लिहिला तसाच वाचायचा. आपण तू आणि तुम्ही करतो तसे त्यांचे 'तू' आणि 'उस्तेद'. तू ला तर वेगळा शब्दही शिकायला नको! आपण मी बोलते, तू बोलतेस, ती बोलते असे क्रियापद बदलतो, तसे त्यांचे 'आब्लो, आब्लास, आब्ला'. निर्जीव वस्तूंनाही लिंग असते : टेबल स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी. इंग्रजीवाल्याला हे अवघड जाते, आपल्याला जात नाही. ज्या मुलीला स्वतःच्या भाषेचे व्याकरण कळते तिला निम्मी वाट फुकट मिळते.

आणि तीन महिन्यांत अस्खलित? पहिली पायरी, ए-१, चढायलाच साधारण शंभर तासांच्या आसपास अभ्यास धरतात. रोज एक तास म्हटला तरी तीन महिने त्यातच जातात. अस्खलित ही त्यानंतरच्या चार-पाच पायऱ्यांवरची गोष्ट आहे.

गटाने काय ठरवले

पुढच्या बैठकीत हे सगळे मी सांगितले. मग बायकांनीच मुलीला चार प्रश्न लिहून दिले आणि जाहिरातवाल्यांना विचारायला सांगितले : तीन महिन्यांनी कोणती पायरी येईल? एकूण किती तास शिकवाल? शिकवणाऱ्याने स्वतः कोणती पायरी पार केली आहे? शेवटी दाखला कोणाचा मिळेल? चारपैकी एकाचेही सरळ उत्तर आले नाही. "आज पैसे भरले तर दोन हजार सूट," एवढेच येत राहिले. गटाने ते कर्ज नामंजूर केले.

पोरगी रडली. पण गटाने तिला नाही म्हटले नाही. ठरले असे : मोबाईलवर आणि वाचनालयात फुकट मिळेल त्यातून तिने सहा महिने रोज एक तास शिकावे आणि दर बैठकीत पाच मिनिटे आम्हाला दाखवावे. टिकली, तर खऱ्या परीक्षेच्या फीसाठी गट कर्ज देईल. आता बैठक सुरू होताना ती 'बुएनास तार्देस' म्हणते आणि साठ वर्षांच्या काकूही तसेच उत्तर देतात.

राहिला आजींचा नातू. त्या म्हणाल्या, "तिचं तर झालं, आता माझ्या पोराचं काय?" त्यांचे बरोबर होते. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये लिहिले आहे की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे. घटनेच्या ३५० क कलमातही प्राथमिक शाळेत मातृभाषेची सोय करावी असे आहे. त्याच शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्यापैकी कितीजणींची नावे त्या समितीत आहेत, आणि कितीजणी फक्त सही करून येतात?

आमच्या तिघीजणी समितीच्या सभेत गेल्या. भांडायला नाही गेल्या. त्यांनी एवढेच मागितले की आठवड्यातून दोन दिवस गावातली बारावी झालेली गोंडी बोलणारी सून पहिली-दुसरीच्या वर्गात बसेल, गोष्ट गोंडीत सांगेल आणि तेच शब्द फळ्यावर लिहील. गुरुजींनी आधी मान हलवली नाही, मग म्हणाले, करून पाहू. गेल्या आठवड्यात आजींनी निरोप पाठवला. पोराने फळ्यावरचा 'येर' शब्द वाचला आणि शेजारी लिहिलेला 'पाणी' हा शब्दही त्यानेच वाचला. अजून पुस्तक वाचता येत नाही. पण गुरुजी आता त्याला मंद म्हणत नाहीत.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला की दोन गोष्टी एकमेकींना विचारा. आपल्या गावच्या शाळेत पहिलीतल्या मुलाची घरची भाषा कोणती, आणि त्याचे पहिले पुस्तक कोणत्या भाषेत आहे? आणि आपल्या शाळेच्या समितीत आपल्यापैकी कोण आहे? उत्तरे आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू. नमस्कार.